मटण सोडायचे नाही, मात्रा सांभाळायची

आपल्या वस्त्यांमध्ये ‘शुगर’ आणि ‘बीपी’ हे शब्द आता घरच्या माणसांच्या नावांसारखे रुळले आहेत. महानगरपालिकेच्या दवाखान्यात सकाळी केसपेपरच्या रांगेत उभे राहावे, तर पुढचा-मागचा प्रत्येकजण आपापल्या गोळ्यांची पाकिटे चाचपत असतो. हा आजार पूर्वी बंगल्यातल्या लोकांचा मानला जाई. आज तो सफाई कामगाराच्या, रिक्षावाल्याच्या, धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या घरात मुक्कामाला आला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा जो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. एवढी माणसे केवळ श्रीमंतांच्या घरातली असणार नाहीत, हे सांगायला डॉक्टर नको.

डॉक्टर तपासतात आणि दोन मिनिटांत सांगतात, “मटण-मच्छी बंद, तेल कमी, पालेभाज्या खा.” त्यांचे म्हणणे चुकीचे नसते. परंतु आपल्या माणसाच्या कानाला ते वेगळेच ऐकू येते. आता आपण शाकाहारी व्हायचे, म्हणजे ‘त्यांच्यासारखे’ व्हायचे, असे त्याला वाटते. मग एकतर तो रागाने काहीच बदलत नाही, किंवा घाबरून सारे काही सोडतो आणि तीन आठवड्यांनी रविवारी दुप्पट खातो. आम्हाला या लेखात याच अडचणीविषयी वाचक बंधू-भगिनींशी बोलायचे आहे. ताटात भाजी, डाळ, भरड धान्य वाढवणे ही एक गोष्ट आहे आणि शाकाहाराचे सोवळे नेसणे ही दुसरी. या दोन्हींची गल्लत झाली की नुकसान आपल्या शरीराचे होते.

ही गल्लत का होते, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या समाजाला ताटावरून जेवढे हिणवले गेले तेवढे क्वचितच कोणाला हिणवले गेले असेल. मेलेले ढोर ओढायचे काम गावाने आपल्याच माथी मारले आणि त्या ढोराचे मांस खाल्ले म्हणून गावानेच आपल्याला बाटलेले ठरवले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत परमपूज्य बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळे-उष्टे घेऊ नका, असे आपल्या लोकांना सांगितले. अनेक गावांनी ते ऐकले, आणि ढोर ओढायला नकार दिला म्हणून बहिष्कारही सोसला. पुढे १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा इतिहास उलगडून दाखवला. हा सगळा वारसा पाठीशी असताना आजही शहरातल्या काही सोसायट्यांत ‘नॉनव्हेज चालणार नाही’ असे सांगून घर नाकारले जाते, आणि त्या वाक्यामागचा खरा प्रश्न काय असतो हे आपल्याला आडनाव विचारले जाते तेव्हाच कळते. २०१५ मध्ये राज्यात गायीबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरिबाच्या घरातले स्वस्त मांस गेले. अशा वेळी कोणी ‘भाज्या खा’ म्हटले की माणूस बिथरतो. बिथरणे स्वाभाविक आहे.

पण धम्माच्या बाजूने पाहिले तर आपल्यावर मांस सोडण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. तथागतांच्या काळी देवदत्ताने भिक्षूंसाठी पाच कडक नियम मागितले होते. त्यांतला एक मासे-मांस पूर्णपणे वर्ज्य करण्याचा होता. तथागतांनी तो सक्तीचा करण्यास नकार दिला. जे मांस आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही आणि तशी शंकाही नाही, ते भिक्षूला चालते, असा त्यांचा दंडक होता. त्यालाच त्रिकोटी-परिशुद्ध म्हणतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेविषयी लिहिताना बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे, आणि अहिंसा हा आंधळा नियम नसून तत्त्व आहे, असे मांडले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्या घरांत भिंतीवर लावलेल्या असतात. त्या पुन्हा एकदा वाचाव्यात. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा तिथे आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मटण न खाण्याची नाही. (आपल्याकडे काही जण मटणाविषयी तासभर वाद घालतात आणि दारूच्या प्रतिज्ञेपाशी आले की घड्याळ बघतात, तो भाग वेगळा.)

धम्मात जी गोष्ट पुन्हा पुन्हा येते ती मात्रेची. भोजनाची मात्रा जाणणे याला पाली भाषेत ‘भोजने मत्तञ्ञुता’ असे म्हटले आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. हा राजा द्रोणभर भात आणि त्यावर कालवणे असे जेवत असे. एकदा असाच तुडुंब जेवून, धापा टाकीत तो तथागतांपाशी येऊन बसला. तथागतांनी त्याला रागावले नाही, उपास सांगितला नाही, कोणता पदार्थ वर्ज्यही केला नाही. जो सावध राहून मात्रेने जेवतो त्याचे त्रास कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, एवढ्या अर्थाची एक गाथा म्हटली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला सांगितली आणि जेवणाच्या वेळी ती म्हणण्यासाठी रोजचे शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि पुढे अंगाने हलका झालेला तो राजा स्वतःच्या शरीरावरून हात फिरवीत तथागतांचे आभार मानू लागला.

या गोष्टीतला ‘हळूहळू’ आम्हाला फार मोलाचा वाटतो. आणि दुसरे म्हणजे, जेवताना आठवण करून देणारे कोणीतरी हवे. आपल्याला शंभर कार्षापण मोजण्याची गरज नाही. घरातली सातवी-आठवीतली मुलगी ते काम फुकट करते, आणि कधीकधी जास्तच आवाजात करते.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या नसांच्या वेदनांनी ते रात्र रात्र जागे असत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला, त्या माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या. पुढे बाबासाहेबांची औषधे आणि पथ्यपाणी त्यांनीच सांभाळले. इन्सुलिन घेणारा, पथ्य पाळणारा आणि त्याही स्थितीत ग्रंथ पुरे करणारा हा महामानव आपला आदर्श आहे. मग गोळी चुकवण्यात आणि पथ्य मोडण्यात मर्दुमकी कसली?

आता आपल्या ताटाकडे वळू. आजच्या चाळीतल्या घरात दिवस कशाने सुरू होतो? चहाने. कामावर निघताना चहा-खारी, दहाला टपरीवर चहा, दुपारी जेवणानंतर चहा, संध्याकाळी घरी आल्यावर चहा, पाहुणा आला की पुन्हा चहा. पाच कप धरले आणि कपात दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर नुसत्या चहातून झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी. म्हणजे मटणाच्या नावाने बोटे मोडण्याआधी चहाच्या पातेल्याकडे पाहायला हवे. साखर एकदम बंद करू नये, जीभ बंड करते. दोन चमच्यांची दीड करावी, महिन्याने एक करावी. गूळ घातला म्हणजे सुटलो असे समजू नये. रक्ताला गूळही साखरेसारखाच.

त्याच मार्गदर्शिकेत बसून काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटाचे मोजमाप दिले आहे. धान्य साधारण २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. आपल्या घरात हे नेमके उलटे असते. भाताचा डोंगर आणि कडेला भाजीची टिकली! तेलाचा हिशेब तर महिन्यावर काढून बघावा. चार मोठी माणसे असतील तर २७ ग्रॅमप्रमाणे महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास तेल होते, म्हणजे एक लिटरच्या साडेतीन पिशव्या. वाण्याच्या वहीत आपल्या नावावर किती पिशव्या आहेत ते पाहिले की पुढचे बोलायची गरज उरत नाही. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा; त्यातच लोणचे, पापड, फरसाण आणि सुकट हे सर्व आले.

एक गोष्ट मात्र आम्ही बजावून सांगतो. हे मोजमाप बसून काम करणाऱ्याचे आहे. जो बांधव दिवसभर सिमेंटच्या गोण्या उचलतो किंवा नाक्यावर उभा राहून मिळेल ते अंगमेहनतीचे काम करतो, त्याला धान्य अधिक लागते आणि ते त्याला मिळाले पाहिजे. त्याने भाकरी तोडू नये. त्याच्या ताटात कमी करायचे असेल तर वडापाव, भजी आणि टपरीवरची साखर. आणि ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवण एकाएकी निम्म्यावर आणू नये. साखर उतरून चक्कर येते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डाळी-पालेभाज्या वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

आता भाकरीविषयी. ज्वारी-बाजरी आपल्या ताटातून गेली कशी? रेशनवर बहुतेक ठिकाणी गहू आणि तांदूळ मिळतो. अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य आहे, ते जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. फुकटचे धान्य घरात असताना बाजारात जाऊन ज्वारी कोण घेणार? पण याहून खोल कारण मनात आहे. भाकरी म्हटले की आमच्या वडीलधाऱ्यांना दारोदार टोपली घेऊन मागितलेली भाकर आठवते. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेला लाल मिलो आणि खडी फोडताना दिलेली सुकडी आठवते. गव्हाची पोळी आणि पांढरा भात हे त्यांच्या लेखी त्या दिवसांतून सुटल्याचे चिन्ह होते. ‘जुने अन्न उत्तम होते’ असे त्यांना वातानुकूलित खोलीतून सांगणाऱ्यांचा आम्हालाही राग येतो. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. मराठवाड्यातल्या दलित घरांत काय शिजत होते, चान्या कशा वाळवत, रक्ती कशी करत, तेलाचे दोन थेंब कसे पुरवत, हे त्यात आहे. ते वाचताना चवीची आठवण होते आणि अंगावर काटाही येतो. ते अन्न आपल्या आया-आज्यांनी निवडलेले नव्हते. त्यांच्यापुढे दुसरे काही नव्हते.

तरीही त्या चुलीवरची एक युक्ती आज घेण्यासारखी आहे. मूठभर सुकट आणि पातेलेभर वांगी! आज्जीने मटणाला, मासळीला मुख्य पदार्थ केले नाही, तर चवीचा मालक केले. वांग्यात सुकट, बटाट्यात बोंबील, गवारीत जवळा. घरभर वास मटणा-मासळीचा आणि पोटात गेली भाजी. आपण रविवारी चार माणसांत एक किलो मटण आणतो, त्यातले अर्धे तेल-चरबीसकट पहिल्याच पंगतीत संपते. त्याऐवजी अर्धा किलो आणावे, हरभऱ्याची डाळ आणि दुधी घालून मराठवाड्यात करतात तसा दालचा करावा. चव जात नाही, रस्सा वाढतो, आणि मटणाच्या आजच्या भावात वाचलेल्या पैशांत आठवड्याची फळे येतात. सुकट कोमट पाण्यात दोनदा धुवून घेतली की मीठ बरेच उतरते. ब्रॉयलरची कातडी काढून घ्यावी.

पालेभाज्या तर आपल्याइतक्या कोणाला ठाऊक असतील? तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी, आंबाडी, करडईचा पाला, शेवग्याचा पाला, पहिल्या पावसानंतरचा टाकळा. विदर्भातले लोक त्याला तरोटा म्हणतात. यांतल्या कितीतरी भाज्या बाजारात वाट्याने मिळतात. मात्र शहरात गटाराकाठी किंवा रुळांच्या कडेला उगवलेले खुडून आणू नये. पालेभाजी डाळ किंवा शेंगदाण्याचा कूट घालून करावी आणि वर लिंबू पिळावे; लिंबामुळे पाल्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते. मटकी-मूग भिजवून मोड आणणे ही तर बिनखर्चाची गोष्ट. हुलगे भाजून, दळून, पाण्यात कालवून, लसूण-जिऱ्याची फोडणी दिलेले माडगे रात्रीच्या जेवणाला पुरते, वर एक भाकरी असली की झाले. रेशनचा गहू-तांदूळ टाकायचा नाही; आठवड्यातल्या चार दिवसांची ज्वारी-बाजरी घ्यायची, बाकी दिवस रेशन. आणि भाकरी औषध आहे असे समजून चार-चार खाऊ नयेत. ज्वारीतही पिष्ट असतेच, मात्रा तिथेही आहे.

इथपर्यंत सोपे आहे. अवघड गोष्ट पुढे आहे. ‘घरात मटण कमी करू’ असे ठरले की पहिला तुकडा कोणाच्या ताटातून जातो? घरच्या बाईच्या. ती सगळ्यांना वाढून उरलेला रस्सा घेते आणि ‘मला तसेही आवडत नाही’ म्हणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींच्या रक्तात लाल घटक कमी आढळला. म्हणजे ज्याला मटण कमी करायचे आहे तो पन्नाशीतला, पोट सुटलेला बाप आणि जिला ते हवे आहे ती चौदा वर्षांची मुलगी एकाच पंगतीत बसतात. त्या दोघांना एकच नियम लावणे हा अन्याय आहे. अंडे, मासळी, आठवड्यातून एकदा कलेजीचा छोटा वाटा हे वाढत्या मुलामुलींच्या आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या ताटात राहिलेच पाहिजे. (गरोदर भगिनींनी कलेजी मात्र डॉक्टरांना विचारूनच खावी.) बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच येते. त्यामुळे ज्या घरात सारेच सोडतात त्या घरात हातापायांना मुंग्या येण्याची तक्रार घेऊन माणसे पुन्हा त्याच दवाखान्यात जातात.

म्हणूनच शाळेतल्या अंड्याचा प्रश्न आपला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी निधी थांबवण्यात आला आणि शाळांनी लोकवर्गणीतून बघावे असे सांगण्यात आले. ज्या वस्तीत वर्गणी जयंतीलाच कशीबशी जमते तिथे अंड्याला कोण देणार? स्वतःच्या ताटातला मटणाचा ढीग कमी करणाऱ्या बापाने मुलाच्या शाळेतल्या अंड्यासाठी पालक सभेत उभे राहून बोलावे. यात काहीही विसंगती नाही.

सुरुवात कधी करावी, असे विचारणाऱ्यांना आम्ही वर्षावास सुचवू. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चालू असते, घराघरांत काहीतरी नियम धरण्याची मनःस्थिती असते. श्रावण आपण पाळत नाही, ठीकच आहे. पण आषाढी अमावास्येला गटारीच्या नावाने खाटकापुढे जी रांग लागते तिच्यात आपली मंडळी का दिसतात, हे कोडे आम्हाला सुटलेले नाही. ज्यांचा श्रावण नाही त्यांना गटारीची घाई कसली! वर्षावासात तीन महिने मटण बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर, चहाची साखर निम्मी, ताटाचा निम्मा भाग भाजीचा, मांसाहार आठवड्यातून एकदा आणि तोही दालच्याच्या पद्धतीने, एवढे धरून पाहावे. आश्विन पौर्णिमेला पुन्हा रक्त तपासून घ्यावे. जानेवारीतला कागद आणि ऑक्टोबरमधला कागद शेजारी ठेवावेत.

राहिली भाकरी थापण्याची अडचण. पहाटे पाचला उठून कामावर जाणाऱ्या भगिनीने वर आणखी आठ भाकऱ्या थापाव्यात, असे आम्ही सुचवले तर ती आमच्यावर लाटणे उगारेल, आणि ते योग्यच होईल. घरातल्या पुरुषांनी आणि थोरल्या मुलांनी भाकरी शिकावी. पीठ ताजे दळलेले आणावे, पाणी कडकडीत घ्यावे, पीठ तळहाताने चांगले मळावे. पहिल्या चार-पाच तुटतील. तव्यावर टाकल्यावर पाण्याचा हात किती आणि केव्हा फिरवायचा, हे आईला एकदा शेजारी बसवून विचारून घ्यावे.